ओट्यावर ठेवलेलं नाव

“वां तो नाम बायर मेली ने जाणो पड़े, बैन.” (तिथे तर नाव बाहेर ठेवून जावं लागतं.)

माझ्या मागच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या. बस हाटपिपल्या सोडून चापड्याकडे निघाली होती. खिडक्यांच्या काचा इतक्या खडखडत होत्या की बोलणं अर्धंच ऐकू येत होतं. दुसरीने विचारलं, “ने कोई भूली ग्यो तो?” (आणि कुणी विसरलं तर?)

पहिलीच्या नुसत्या बांगड्या वाजल्या.

मागे वळून विचारायला हवं होतं, कुठल्या जागेबद्दल बोलताय म्हणून. प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं असं विचारतात. मी खिडकीकडे आणखी थोडी सरकले. मी लहानपणापासून अशीच आहे. देवासच्या इंग्रजी शाळेत एखादं वाक्य मनात तीनदा म्हणून बघेपर्यंत तास संपलेला असायचा. घरी आई विचारायची, “काय झालं?” आणि मी म्हणायचे, “काही नाही.” या दोन शब्दांवर माझं निम्मं आयुष्य सुखात गेलं आहे. त्यांच्यामुळे एक जंगल जायची वेळ येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

माझं कामही माझ्यासारखंच आहे, फार न बोलता होणारं. एका छोट्या संस्थेसाठी मी नकाशे आणि कागद तयार करते. वनहक्क कायद्याप्रमाणे एखाद्या गावाची ग्रामसभा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं जंगल यापुढेही आपल्याच देखरेखीखाली राहावं, असा दावा करू शकते. सरकारी भाषेत त्याला ‘सामुदायिक वन संसाधन’ म्हणतात. नकाशा, म्हाताऱ्यांचे जबाब आणि एक लांबलचक अर्ज जोडावा लागतो. मार्चच्या त्या सकाळी मी अशाच एका गावी निघाले होते, उदयनगरच्या पुढे, बारेला आदिवासींच्या वस्तीत. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

उदयनगरच्या चौकात एक माणूस मोटारसायकलला टेकून कचोरी खात उभा होता. चाळिशीचा, कानात सोन्याची बारीक बाळी. मला पाहून त्याने बोटं पुसली.

“नक़्शे वाली मैडम?”

मी मान डोलावली.

“मैं गेंदालाल. वन अधिकार समिति का सचिव. आपका नाम?”

“शर्वरी.”

“सरवरी. हाव, ठीक है.” (हाव म्हणजे हो.) “आगे?”

“दफ्तरदार.”

“दफ़्तर भी साथ लाए हो!” तो खूश झाला. “फिर तो काम हुआ समझो.”

आमचे पूर्वज धार संस्थानात दप्तर सांभाळायचे, म्हणून हे आडनाव. बाबा देवासच्या कारखान्यात लागले आणि आडनावाला उरलेला एकमेव अर्थ म्हणजे शाळेत होणारी चेष्टा. माझं पहिलं नावही इकडे कुणी नीट घेत नाही. सरवरी, शबरी, शरबरी. ‘श’ आणि ‘र्व’ दोन्ही जागच्या जागी ठेवून मला फक्त घरचे हाक मारतात. हे लक्षात असू द्या.

पुंजापुऱ्याच्या बाजूने येणारा रस्ता सोडला की सागाचं जंगल लागतं. पानं गळून गेलेली, झाडं उघडी. मधूनमधून मोहाची झाडं, आणि प्रत्येक मोहाखालची जमीन जाळून काळी केलेली. फुलं पडली की काळ्यावर पिवळी दिसावीत आणि वेचायला सोपी जावीत, म्हणून. वाटेत नाल्याच्या वाळूत मोटारसायकल रुतली. मी उतरून ढकलायला लागले तर माझी एक चप्पल वाळूत गेली ती गेलीच. गेंदालालने हाताने उकरून पाहिलं आणि म्हणाला, “रहने दो, नाले ने रख ली. लौटते में दे देगा.” तो हसला, पण मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. उरलेला रस्ता मी एका पायात चप्पल घालून गेले.

गेंदालालची बायको सुंदरबाई. तिने पाय धुवायला पाणी दिलं, आपल्या चपला दिल्या आणि चुलीपाशी बसवलं. जेवायला उडदाची डाळ आणि पानिये होते. मक्याच्या पिठाचा जाड गोळा खाकऱ्याच्या (पळसाच्या) दोन पानांत दाबून शेणीच्या विस्तवात भाजतात. पान जळतं आणि त्याच्या शिरांची नक्षी भाकरीवर उमटते. मी तीन खाल्ले. सुंदरबाई मला काही ना काही विचारत होती आणि मी हो-नाही करत होते. शेवटी ती कंटाळली.

“मूंडा में मऊड़ा भर्या है कंई?” (तोंडात मोहाची फुलं भरलीत का?)

तिथे बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, तोंड मिटून.

दुसऱ्या दिवशी सकाळी जंगलाची हद्द मोजायला निघालो. मी, गेंदालाल आणि नानसिंग बा. बा म्हणजे वडीलधारा माणूस. नानसिंग बा सत्तरीच्या पुढचे होते, बुटके, अगदी कोरडे, आणि एका जागी उभे राहिले की कुणी तिथे खुंट रोवून गेल्यासारखे दिसायचे. जंगलाच्या आतल्या भागाची जबाबदारी त्यांच्या घराण्याकडे होती. बाहेरच्या जंगलातून गाव मोह, तेंदूपत्ता, सरपण, सगळं आणतं. आत मात्र एक तुकडा आहे. कोकणातल्या देवराया ज्यांनी पाहिल्यात त्यांना कल्पना येईल, पण इथे देऊळ नाही, मूर्ती नाही, शेंदूर नाही.

कडेला एक दगडी ओटा होता. त्याच्याखालून नाल्याचं पाणी वाहत होतं. मार्च अर्धा सरला तरी घोट्याएवढं. नानसिंग बांनी पाण्यातून तीन दगड उचलले आणि एकेक आमच्या हातात दिला. दगडाला ते ‘दगड़’च म्हणाले. आपलाच शब्द इतक्या आत भेटल्यावर मला बरं वाटलं.

गेंदालालने दगड ओठांजवळ नेला, आपलं नाव त्यात म्हटलं आणि तो ओट्यावर ठेवला. बांनीही तसंच केलं. मग ते मला म्हणाले, “नाम अठे मेली दे. मांय कोई को नाम नी. कोई बुलावे तो बोलजे मती.”

गेंदालालने समजावलं. नाव इथेच ठेवायचं. आत कुणालाही नाव नसतं, म्हणून आत कुणी कुणाला हाक मारत नाही. आणि हाक आलीच तर ती माणसाची नाही. ओ द्यायची नाही. बाहेर आल्यावर आपला दगड उचलायचा, नाव मोठ्याने म्हणायचं आणि दगड पाण्यात सोडायचा.

बसमधल्या बायका इथल्याबद्दल बोलत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

दोघं माझ्याकडे पाहत उभे होते. दोन अनोळखी पुरुषांसमोर दगडाशी बोलायचं, या कल्पनेने माझे कान तापले. मी दगड तोंडाजवळ नेला, ओठ हलवले आणि तो ओट्यावर ठेवला. नाव उच्चारलं नाही.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती जमीन. पायाखाली जमीन नव्हतीच, पानं होती. वर्षानुवर्षांची पानं. पाय घोट्याच्या वर आत जायचा आणि खालून थंडावा यायचा. मोठे मोह होते, तिघांच्या कवेत न मावणारे, आणि त्यांच्याखाली फुलांचा थर तसाच पडलेला. ताजी पिवळी, त्याखाली तपकिरी, त्याखाली काळी. कुणी वेचली नव्हती. त्या आंबलेल्या गोड वासाने डोकं जड झालं. एक सबंध साग आडवा पडला होता, किती वर्षांपूर्वी कोण जाणे. त्याच्या अंगावर दुसरी तीन झाडं वाढली होती. सरपणाची एक काडी हलवलेली नाही. कुऱ्हाडीची एक खूण नाही. उंच फांद्यांवर मधाची पोळी लोंबत होती, काही जिवंत, काही मेलेली आणि काळी पडलेली. एवढ्या माश्या होत्या, पण आवाज जवळ नव्हता. भिंतीपलीकडे कुणी बोलत असावं तसा तो येत होता.

माझ्या हातातल्या जीपीएस यंत्रावर आमची चाल रेघेने उमटत होती. बा सरळ चालले होते. रेघ मात्र वळत गेली, वळत गेली आणि स्वतःलाच येऊन मिळाली. दाट झाडीत यंत्र चुकतं, हे मला माहीत आहे. मी ते बंद करून पुन्हा सुरू केलं.

मधोमध एक झिरी (झरा) होती. खडकाच्या फटीतून पाणी येत होतं, हातभर डोहात साठून खाली जात होतं. हाच तो ओट्याखालचा नाला. मी वाकून तिचा बिंदू नोंदवत होते, आणि मागून कुणीतरी म्हणालं,

“शर्वरी.”

बाईचा आवाज. घाई नाही, राग नाही. जेवायला बोलावताना येतो तसा. ‘श’ जागच्या जागी, ‘र्व’ जागच्या जागी.

गेंदालाल माझ्या पुढे होता. बा त्याच्याही पुढे. मागे फक्त झाडं होती, आणि मी वळून पाहिलं नाही. यात माझी हिंमत मुळीच नव्हती. हाक मारली की लगेच ओ द्यायची, ही सवयच मला नाही. आईला त्याचा फार राग येतो. त्या दिवशी ती वाईट खोड कामी आली.

बाहेर आल्यावर गेंदालालने दगड उचलला आणि “गेंदालाल!” असं ओरडून पाण्यात टाकला. बांनी आपलं नाव म्हटलं. मी माझा दगड उचलला. तो मघापेक्षा गार लागला. मी पुन्हा नुसते ओठ हलवले.

नानसिंग बांनी माझ्या मनगटाला धरलं, हलकेच, आणि दगड पुन्हा ओट्यावर ठेवायला लावला.

“नाम मेल्यो नी, तो उठावे कंई?” (ठेवलंच नाहीस, तर उचलणार काय?) मग झाडांकडे बघत, “नी दे उको नाम उ ढूंढे.” (जो देत नाही, त्याचं नाव ते शोधत येतं.)

दुपारी गावात मोहाखाली बैठक बसली. अर्ज माझ्या मांडीवर. बाहेरच्या जंगलाच्या रकान्यांत भराभर उत्तरं आली. मग आतल्या तुकड्याची पाळी आली. ‘उपयोग : क्या-क्या लिया जाता है?’ मी वाचलं.

“कंई नी लेवां,” नानसिंग बा म्हणाले. काही घेत नाही. आणि मग हात जमिनीवर पालथा ठेवून, “राखां.”

मी एव्हाना हिंदीत विचार करत होते. हिंदीत राख म्हणजे चुलीतली राख.

“राख?” मी विचारलं. “चूल्हे की राख लेते हैं?”

बैठक अशी हसली की पारावरची कोंबडी उडाली. सुंदरबाई म्हणाली, “दो दन में एक बात बोली, उ भी राख!”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. परत विचारायचं सोडून मी खाली मान घालून लिहिलं, ‘निरंक’. सरकारी हिंदीत ‘काही नाही’ला निरंक म्हणतात. आकडा नसलेलं, कोरं. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला हा शब्द नोकरीत आल्यावर सापडला होता, आणि तो वापरताना मला थोडी ऐट वाटायची. त्याच्याच खाली ‘संरक्षण’ असा एक रकाना होता. त्याबद्दल कुणी काही म्हटलं नाही, म्हणजे मला ऐकू आलं नाही. तो मी रिकामा सोडला. सगळ्यांनी सह्या केल्या, अंगठे दिले. मी लिहिलंय ते बरोबरच असणार, असं त्यांना वाटलं.

देवासला परत आले. चार-पाच दिवसांनी दुपारी स्वयंपाकघरातून हाक आली, “शर्वरी.” मी नेहमीप्रमाणे ओ दिली नाही. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली नाही, म्हणून मी उठून पाहिलं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर भांडी पालथी घातलेली. आई बँकेत गेली होती, हे मला तेव्हा आठवलं.

ती आल्यावर तिने माझ्याकडे पाहून विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणाले.

एप्रिल संपता संपता गेंदालालचा फोन आला. या वेळी तो गंमत करत नव्हता.

“मैडम, वो निरंक का कंई मतलब होता है?”

मी सांगितलं.

“तो जंगल वाले साहब लोग सई बोल रये हैं फिर. बोले, बाकी जंगल का दावा ठीक है, पर बीच वाले टुकड़े में तुम्हीं ने लिख के दिया कि तुम्हारा कंई नी. वां पुराना काट के नई लकड़ी लगेगी. चूने की लाइन डाल गए हैं, भिया लोग. बरसात से पेले खड्डे.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “बा ने तीन दिन से खाया नी.”

मी त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज लिहून पाठवला. लिहिण्यात मी बरी आहे. उत्तर आलं की सह्या झालेला कागद अर्जाने बदलत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात अधिकारी जागेवर पाहणीला येतील. ज्याला जे सांगायचं असेल त्याने तिथे, सर्वांसमोर, तोंडी सांगावं.

पण सांगणार तरी काय होते? माझ्या हिशेबाने बा म्हणाले होते, काही घेत नाही. मी तेच लिहिलं होतं.

मधल्या रविवारी धारला जाणं झालं. बाबांची चुलतबहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो, तिथे असते. निवृत्त शिक्षिका, एकटी राहते, दुसऱ्या मजल्यावर. वर गच्चीत तिने सांडगे वाळत घातले होते. जेवण झाल्यावर म्हणाली, “शर्वरीबाई, जरा गच्चीत राखणीला बसा. वानरं फार झाली आहेत.”

मी काठी घेऊन गच्चीत बसले. पुढे पांढऱ्या धोतरावर सांडग्यांच्या ओळी, आणि त्यापलीकडे किल्ल्याची तापलेली भिंत. खालच्या कडुनिंबातून एकदा हाक आली, तशीच, जेवायला बोलावल्यासारखी. मी काठी घट्ट धरली आणि बसून राहिले. तासाभराने आक्का वर आली.

“काय गं, काय करत होतीस इतका वेळ?”

“काही ना—” म्हणता म्हणता मी थांबले. कारण मी काहीतरी करत होते. एक सांडगा उचलला नव्हता, एक खाल्ला नव्हता. तरी वानरं आली नव्हती, ती मी बसले होते म्हणून.

“आक्का, हे काय म्हणालीस मघाशी? वर पाठवताना?”

“राखणीला बस म्हटलं. का?”

राखण. राखणे. राखां. आम्ही राखतो.

बा मला उत्तर देऊन मोकळे झाले होते. इकडच्या मालवी बोलीत, आणि जवळजवळ मराठीत. माझ्या घरातल्या शब्दात. हिंदी आणि इंग्रजी यांच्या मधल्या फटीत उभी राहून मी त्याची राख केली होती. कायद्यातही तेच लिहिलेलं आहे. मी तो इंग्रजीत चार वेळा वाचला आहे. ग्रामसभेचा हक्क फक्त जंगलातून काही घेण्याचा नाही. राखण्याचा, जपण्याचा, पुन्हा वाढू देण्याचाही आहे. त्यासाठीच तर तो रकाना होता, जो मी रिकामा सोडला.

मेमध्ये पुन्हा तीच बस. हाटपिपल्या, चापडा, उदयनगर. सागाची पानं आता अजिबात नव्हती आणि उन्हात जंगल पांढरं दिसत होतं. ज्या नाल्यात माझी चप्पल गेली होती तिथे ती वाळूवर पडलेली होती. सरळ, पायात घालायला ठेवल्यासारखी. गेंदालालने मोटारसायकल थांबवली नाही, आणि मीही थांब म्हटलं नाही.

ओट्यापासून वीस पावलांवर चुन्याची रेघ सुरू होत होती. ती झाडांमधून सरळ आत गेली होती. बा ओट्यापाशी बसले होते, दोन महिन्यांत निम्मे झालेले. ओट्यावर एकच दगड होता. माझा. सगळीकडे फुफाटा उडत होता, ओटा हात भाजेल इतका तापला होता, आणि दगड ओला होता.

अधिकारी अकरा वाजता आले. पन्नाशीचे, सौम्य गृहस्थ, डोक्याला ओला रुमाल गुंडाळलेला. सोबत एक कारकून, त्याच्या हातात पंचनाम्याचे कागद. बांनी त्यांच्याही हातात दगड दिला. कारकून हसायला लागला, पण साहेब म्हणाले, “जैसा यहाँ का क़ायदा.” त्यांनी नाव सांगितलं आणि मागोमाग हुद्दा.

“हुद्दो नी,” बा म्हणाले. “उ तो मांय चाले ज नी.” (हुद्दा नको. तो आत चालतच नाही.)

सगळे हसले, साहेबसुद्धा. माझ्या हातात बांनी दगड दिला नाही. माझा आधीपासून तिथेच होता.

आत गारवा होता. बाहेर चाळीसच्या वर ऊन आणि आत अंगावर काटा. चुन्याची रेघ पानांखाली कधीच दिसेनाशी झाली होती. कारकून सुरुवातीला बडबडत होता, मग प्रत्येक पाऊल जपून टाकायला लागला. झिरीचं पाणी मार्चमध्ये होतं तेवढंच होतं. साहेब बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले. मग एकाएकी मागे वळून म्हणाले, “हाँ, बोलो?”

कुणीही काही बोललं नव्हतं.

त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बांनी डोळे मिटून घेतले. परतताना साहेब सगळ्यांच्या मध्ये चालले आणि दोनदा खिशातून रुमाल काढून मान पुसली.

ओट्यावर आल्यावर त्यांनी आपला दगड लगेच उचलला, नाव मोठ्याने म्हटलं, पुन्हा एकदा म्हटलं आणि दगड पाण्यात सोडला. मग ओट्याच्या कडेला बसून पाणी प्यायले. आवाज नेहमीचा झाल्यावर म्हणाले, “देखिए, जंगल तो मैंने देख लिया. किसी ने एक टहनी नहीं तोड़ी. पर मेरे सामने काग़ज़ है. इसमें आपकी ग्रामसभा कह रही है, निरंक. मैं पंचनामे में अपने मन से कैसे लिखूँ?”

“हम तो राखां, साब,” बा म्हणाले.

“वो यहाँ लिखा होता तो बात ही नहीं थी, बाबा. ये लिखा किसने?”

गेंदालालने माझ्याकडे पाहिलं नाही. तो आपल्या चपलांकडे पाहत म्हणाला, “जैसा हमने बोला, वैसा लिखा गया साब. ग़लती हमारी.” सुंदरबाई आणि गावातल्या बायका मागे उभ्या होत्या. त्यांतल्या एकीनेही तोंड उघडलं नाही. माझी चूक सगळं गाव आपल्या अंगावर घेत होतं, आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

कारकून म्हणाला, “ग़लती है तो जिसने लिखा वो बयान दे. नाम के साथ. नहीं तो जो है वोई रहेगा.”

हे लिहिते आहे तेव्हा फाइल जिल्ह्याला गेली आहे आणि निर्णय यायचा आहे. खड्डे मात्र झाले नाहीत. पावसाने चुन्याची रेघ पुसली, असं गेंदालाल सांगतो. मला तेव्हापासून हाक आलेली नाही, म्हणजे आई मारते ती सोडून, आणि तिला मी आता पहिल्या हाकेलाच ओ देते. त्या जागेचं आणि गावाचं नाव ज्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. ते बाहेर ठेवायचं की आत न्यायचं, हे त्यांनी ठरवावं. माझं नाव मात्र मी माझ्यापाशी दाबून ठेवलं होतं, आणि दाबून ठेवणं म्हणजे राखणं नव्हे. एवढं समजायला मला धारच्या गच्चीपासून त्या ओट्यापर्यंत जावं लागलं.

त्या दिवशी, कारकुनाचं बोलणं संपताच, मी ओट्यापाशी गेले. दगड उचलला. तो अजून ओला होता आणि हाताला जड लागत होता. झाडांच्या आत सगळं थांबलं होतं, माश्यासुद्धा, कुणीतरी कान देऊन ऐकत असावं तसं. कारकुनाने पेनाचं टोपण काढलं. नानसिंग बांनी मान वर केली.

“शर्वरी सुधाकर दफ्तरदार,” मी म्हणाले, आणि तो आवाज माझाच आहे हे मला तो पाण्याच्या पलीकडून घुमून परत आल्यावर कळलं. “निरंक मैंने लिखा था. बा ने कहा था, राखां.”